नागपूरहून मुंबई परिसरात येताना भाड्याचे घर कोठे घ्यावे?

नागपूरच्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जणांचे कुटुंब जूनमध्ये मुंबई परिसरात राहायला येणार आहे. पतींची बदली वांद्रे-कुर्ला संकुलातील, म्हणजे बीकेसीतील कार्यालयात झाली आहे आणि त्या स्वतः ऐरोलीतील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत रुजू होणार आहेत. मुलगा यंदा पाचवीत जाईल. सासूबाई सत्तरीच्या असून त्यांना जिन्यांचा त्रास होतो. भाडे दरमहा चाळीस हजारांच्या आत बसवायचे आहे आणि टू बीएचके हवे आहे. ओळखीच्या लोकांनी त्यांना घोडबंदर रोड, डोंबिवली, मुलुंड आणि ऐरोली अशी चार नावे सुचवली आहेत. या चारपैकी काय निवडावे आणि नागपुरात बसूनच मोबाइलवर फ्लॅट पाहून डिपॉझिट भरून टाकावे का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर देतो, कारणे नंतर सांगतो. पहिल्या वर्षासाठी ऐरोली पाहावी. तिथे मनाजोगते घर मिळाले नाही, तर ठाणे स्थानकापासून पायी जाता येईल अशी नौपाडा, चरई किंवा कोपरीची बाजू पाहावी. मुलुंडचा विचार तिसऱ्या क्रमांकावर करावा. घोडबंदर रोड आणि डोंबिवली या दोन्ही ठिकाणी हजारो कुटुंबे सुखाने राहत आहेत, पण आपल्या घरातील माणसे आणि त्यांची कामाची ठिकाणे पाहता पहिल्या वर्षी ती घेऊ नयेत. आणि प्रत्यक्ष घर पाहिल्याशिवाय नागपुरातून एक रुपयाही पाठवू नये.

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबांना घरे मिळवून देण्याचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे. येणारा माणूस घर निवडताना बहुधा चांगला दिवस डोळ्यांसमोर ठेवतो: गाड्या वेळेवर आहेत, नळाला पाणी आहे, मालक हसतमुख आहे. माझा अनुभव असा की या भागात घराची निवड वाईट दिवस समोर ठेवून करावी लागते. नागपुरात मनीषनगरला राहणारा माणूस सदरमध्ये कामाला असला आणि अचानक काही घडले, तरी तो दुचाकीला किक मारून तासाभराच्या आत घरी पोचतो. इथे घर, कार्यालय आणि शाळा अनेकदा तीन वेगवेगळ्या महापालिकांच्या हद्दीत असतात आणि त्यांना जोडणारी लोकल बंद पडली की त्या एकमेकांपासून तुटतात. म्हणून एखादा परिसर चांगला की वाईट हे विचारण्याआधी मी कुटुंबाला एकच गोष्ट विचारतो: दुपारी दोन वाजता पावसाने लोकल थांबली, मुलगा शाळेत आहे आणि आजी घरात एकट्या आहेत, तर तुमच्यापैकी कोण अर्ध्या-पाऊण तासात घरी पोचू शकेल?

ही भीती अवास्तव नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि असंख्य लोकांना ती रात्र कार्यालयात, बसमध्ये किंवा रेल्वे रुळांवरून चालत काढावी लागली. तसा पाऊस क्वचितच होतो. पण मुसळधार पाऊस आणि समुद्राची साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती एकाच वेळी आली की मध्य रेल्वेवर शीव ते कुर्ला आणि हार्बर मार्गावर चुनाभट्टीच्या आसपास रुळांवर पाणी चढते, हे इथल्या माणसाला नवे नाही. अशा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी मुंबई महापालिका पावसाळ्याआधीच प्रसिद्ध करते. आपल्या पतींचा रोजचा मार्ग नेमका याच टापूतून जाणार आहे, आणि बीकेसी तर मिठी नदीच्या काठावरच आहे. थोडक्यात, वाईट दिवशी ते घरी वेळेवर पोचतील हे गृहीत धरू नये. मग घराजवळ असण्याची जबाबदारी आपल्यावर येते आणि घर आपल्या कार्यालयाच्या बाजूला, ठाणे खाडीच्या त्याच काठावर असणे इष्ट ठरते. बाकी सगळे हिशेब यानंतरचे आहेत.

आता पतींच्या रोजच्या प्रवासाकडे पाहू. बीकेसीच्या आत उपनगरी रेल्वेचे स्थानक नाही. मध्य रेल्वेने येणारे लोक कुर्ल्याला उतरतात, पश्चिमेला बाहेर पडतात आणि शेअर रिक्षा किंवा बसने पुढे जातात. सकाळी नऊ-साडेनऊला या रिक्षांची रांग केवढी असते, हे एकदा पाहिल्याशिवाय कळत नाही. ऐरोलीहून त्यांना दोन वाटा आहेत. एक म्हणजे ठाणे-वाशी या ट्रान्स-हार्बर रेल्वे मार्गाने दहा मिनिटांत ठाण्याला यायचे आणि तिथून जलद गाडीने कुर्ला गाठायचे. दुसरी वाट म्हणजे उलट दिशेला वाशीपर्यंत जाऊन हार्बर मार्गाने कुर्ल्याला उतरणे. दोन्ही वाटांनी दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास धरावा. ठाणे स्थानकाजवळ राहिल्यास हा वेळ वीस-पंचवीस मिनिटांनी कमी होतो. शिवाय ठाण्याहूनच सुटणाऱ्या धीम्या गाड्या आहेत. दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात, पण बसायला मिळते. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने रोज जलद गाडीच्या दाराशी लोंबकळण्यापेक्षा ही सवय लावून घ्यावी.

कुर्ल्याला पर्याय म्हणून आणखी एक मार्ग आहे, जो नवख्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाक्याला जावे आणि तिथे मेट्रो ३ पकडून थेट बीकेसी स्थानकात उतरावे. आरे ते बीकेसी हा मेट्रो ३ चा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ही सोय झाली आहे. मार्ग वळशाचा आणि खर्चिक आहे, त्यामुळे रोजसाठी नव्हे. पण कुर्ल्याच्या रिक्षा गायब असतात त्या दिवशी तो हाताशी असावा.

घोडबंदर रोडचे आकर्षण मला समजते. नव्या इमारती, पोहण्याचा तलाव, बाग, मागे येऊरचे डोंगर, आणि नागपूरच्या मोठ्या खोल्यांत वाढलेल्या माणसाला गुदमरणार नाही अशा बऱ्यापैकी खोल्या. पण हा भाग कोणत्याही रेल्वे स्थानकाला लागून नाही. कासारवडवली किंवा वाघबीळहून ठाणे स्थानकात पोचायलाच गर्दीच्या वेळी पाऊण तास लागू शकतो, कारण हाच रस्ता गुजरात आणि बंदरांकडे जाणाऱ्या जड वाहनांचाही आहे. समजा तिथले घर स्थानकाजवळच्या घरापेक्षा महिन्याला सहा हजारांनी स्वस्त मिळाले. दोघांनी रोज दोन फेऱ्या शेअर रिक्षा वा बसने केल्या आणि फेरीला चाळीस रुपये धरले, तर बावीस दिवसांत साडेतीन हजार रुपये तिथेच खर्च होतात. उरलेल्या अडीच हजारांसाठी प्रत्येकी जाताना चाळीस आणि येताना चाळीस मिनिटे, म्हणजे महिन्याला जवळजवळ तीस तास द्यायचे का, हे आपण ठरवावे. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ या भागाचे चित्र बदलील असे दलाल आवर्जून सांगतात, आणि ते खरेही असेल. मात्र भाडेकरूने होऊ घातलेल्या मेट्रोचे पैसे आज मोजू नयेत. घर विकत घेणाऱ्याचे गणित वेगळे असते. अकरा महिन्यांसाठी राहणाऱ्याने आज तिकीट काढून जिथपर्यंत जाता येते, तेवढीच मेट्रो धरावी.

त्याच रस्त्यावर पाण्याचाही प्रश्न आहे. ठाणे महापालिकेचे स्वतःच्या मालकीचे धरण नाही. स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडून मिळणाऱ्या पाण्यावर आणि भातसा नदीवरच्या योजनेवर शहराची भिस्त आहे. लोकवस्ती वाढत गेलेल्या घोडबंदर पट्ट्यात अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात आणि तो खर्च देखभाल शुल्कात येतो. भाडे ठरवताना देखभाल शुल्क मालक भरणार हे स्पष्ट झाले असले, तरी टँकरचा जादा खर्च कोणाच्या माथी, हे विचारायचे राहून जाते.

डोंबिवलीबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण मराठी घरातून आलेल्या माणसाला तिथे पहिल्या दिवसापासून आपलेपणा वाटतो: फडके रोड, वाचनालये, गाण्याचे कार्यक्रम, कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र. सासूबाईंना तर तिथे आठवड्याभरात मैत्रिणी मिळतील. पण आपल्यापैकी दोघांनाही रोज आधी ठाण्यापर्यंत यावे लागेल, आणि डोंबिवलीहून सकाळी जलद गाडीत चढणे हे लहानपणापासून त्या गर्दीत वाढलेल्यांनाही सोपे जात नाही. लोकल थांबली की दोघेही अडकतील, म्हणजे वर विचारलेल्या प्रश्नाला इथे उत्तरच उरत नाही. एमआयडीसीला लागून असलेल्या निवासी भागात घर स्वस्त वाटले, तर २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तिथल्या रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले होते, हे लक्षात ठेवावे. याशिवाय कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. बनावट कागदपत्रांच्या आधारे रेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची नोंदणी मिळवलेल्या या इमारतींत घर विकत घेणारे फसले, हे तर झालेच. पण अशा इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूवरही घर सोडण्याची वेळ येतेच. भाड्याच्या घरासाठी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, कशाला पाहायचे, असे म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

मुलुंड ही मुंबई महापालिकेची शेवटची वस्ती. पाणीपुरवठा चांगला, रस्ते रुंद, दवाखाने भरपूर, आणि ऐरोली पुलाने आपले कार्यालय जवळ. अडचण एवढीच की भाडे चढे असते, बहुतेक जलद गाड्या तिथे थांबत नाहीत आणि आपला रोजचा प्रवास पुलावरच्या वाहतुकीवर अवलंबून राहतो. प्राप्तिकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर एक गोष्ट मुलुंडच्या बाजूने मोजावी: घरभाडे भत्त्याच्या सवलतीची एक मर्यादा मुंबईतील घरासाठी पगाराच्या ५० टक्के आहे, तर ठाणे आणि नवी मुंबईतील घरासाठी ती ४० टक्के धरली जाते. नवी करपद्धती घेतली असेल तर ही सवलतच नाही, त्यामुळे फरकही नाही.

नौपाडा आणि चरई हे ठाण्याचे जुने भाग मला स्वतःला आवडतात. तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांचे कट्टे आहेत, गोखले रोडवर हवे ते मिळते आणि ट्रान्स-हार्बरच्या गाड्या सुटतात ते नऊ-दहा क्रमांकाचे फलाट चालत गाठता येतात. या गाड्या ठाण्यातूनच सुटत असल्या तरी सकाळी कल्याणकडून येणारी सगळी गर्दी त्यांत शिरते, हे ध्यानात असू द्यावे. रेल्वे बंद पडली तर ऐरोलीहून रिक्षाने ठाण्याला येता येते. मात्र कळव्याच्या बाजूने येताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी साचते, म्हणून रिक्षावाले अशा दिवशी मुलुंडकडे जाणाऱ्या ऐरोली पुलावरून वळसा घेतात आणि वेळ वाढतो.

जुन्या ठाण्यात दोन गोष्टींची खातरजमा केल्याशिवाय टोकन, म्हणजे घर राखून ठेवण्याची आगाऊ रक्कम, देऊ नये. पहिली गोष्ट लिफ्टची. तीन-चार मजली इमारतींत अनेकदा लिफ्ट नसते, आणि सासूबाईंसाठी दुसरा मजला म्हणजे घरातच स्थानबद्धता. दुसरी अधिक महत्त्वाची आहे ती पुनर्विकासाची. इथल्या बऱ्याच सोसायट्यांत विकासकाची निवड, करारनामे, परवानग्या अशा कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर पुनर्विकासाचे काम चालू असते. सभासदांना विकासकाकडून पर्यायी घराचे भाडे मिळते, भाडेकरूला फक्त महिन्याची नोटीस मिळते. मालक हे आपण होऊन सांगत नाही, कारण रिकाम्या घरातून तेवढे महिने भाडे येणे त्याला हवेच असते. सोसायटीच्या सचिवांना थेट विचारावे की विकासकाशी करार झाला आहे का आणि इमारत कधी रिकामी करायची आहे. त्याचबरोबर महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची जी यादी लावते, तीही पाहावी. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक आणि तत्काळ रिकामी करायची इमारत. सी-२ अ मध्ये इमारत रिकामी करून दुरुस्ती करावी लागते, तर सी-२ ब मध्ये लोक राहत असतानाच दुरुस्ती होते. यादीतल्या पहिल्या दोन प्रकारांत भाडे कितीही कमी असले तरी जाऊ नये.

आता ऐरोली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने आखलेल्या सेक्टरांत रस्ते सरळ आहेत, बाजार, बँक, दवाखाना आणि शाळा पायी अंतरावर मिळतात, आणि मोठी कार्यालयीन संकुले स्थानकालगत आहेत. आपण चालत किंवा रिक्षाने कामावर जाऊ शकाल. मुलाच्या शाळेतून फोन आला किंवा सासूबाई घरात पडल्या, तर जेवणाच्या सुट्टीत जाऊन येता येईल. हा फायदा भाड्याच्या तक्त्यात दिसत नाही, तरी माझ्या मते महिन्याला पाच हजार रुपये जास्त मोजावेत इतका तो मोलाचा आहे. पतींचा प्रवास मात्र ठाण्यापेक्षा लांब पडेल. तो भार त्यांनी उचलावा असे मी सुचवत आहे, हे उघडपणे सांगतो; घरात त्यावर आधीच बोलून घ्यावे.

ऐरोलीतही सगळीकडे सारखे नाही. सेक्टरांच्या शेजारी मूळ गावठाणे आहेत आणि त्यांच्या भोवती प्रकल्पग्रस्तांनी, म्हणजे नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या मूळ रहिवाशांनी, गरजेपोटी बांधलेल्या इमारती आहेत. तिथे भाडे बरेच कमी असते. पुष्कळ घरांत लोक वर्षानुवर्षे राहत आहेत, पण परवानग्यांची स्थिती संदिग्ध असते, इमारती एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी दारापर्यंत येईलच असे नाही. वृद्ध माणूस बरोबर असताना मी तिकडे घर देत नाही. नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण आहे, त्यामुळे शहर म्हणून पाण्याची स्थिती शेजाऱ्यांपेक्षा बरी आहे. तरीही प्रत्येक सेक्टरमध्ये दाब सारखा नसतो. औद्योगिक पट्टा पूर्वेला लागूनच असल्याने काही रात्री, विशेषतः हिवाळ्यात, हवेला रासायनिक दर्प येतो. कोपरखैरणे आणि तुर्भ्याकडे ही तक्रार अधिक ऐकू येते. घरात कोणाला दमा असेल तर एक रात्र त्या भागात काढून पाहावी.

म्हणूनच मे महिन्यात आपण दोघांनी चार-पाच दिवस काढून यावे. नातेवाइकांकडे उतरावे किंवा ऐरोली-ठाण्यातच साधी खोली घ्यावी. विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते, गाडीने येणार असाल तर समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळ आमणेपर्यंत पूर्ण झाला आहे. आल्यावर पहिल्या दिवशी घरे पाहू नयेत. सकाळी साडेआठला पतींनी खरोखर बीकेसीला जावे आणि संध्याकाळी सातच्या गर्दीत परत यावे. रविवारचा प्रवास जमेस धरू नये. त्या दिवशी मेगाब्लॉकमुळे, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवल्यामुळे, गाड्यांचे चित्र वेगळेच असते. एका प्रवासानंतर दोघांचे मत बदलते असे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि ते डिपॉझिट भरण्यापूर्वी बदलले तर बरेच. जाहिरातीतले ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे अंतर रिक्षाचे असते. ते पायी चालून पाहावे, आणि शक्यतो सासूबाईंच्या चालीने.

घर दुपारी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा पाहावे. पाणी कोणत्या वेळी येते ते विचारून त्या वेळी नळ उघडावा. टँकर येतो का, हे मालकाला नव्हे, तर वॉचमनला आणि खालच्या इस्त्रीवाल्याला विचारावे. वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे पाहावे. पाऊस इथे नैर्ऋत्येकडून मारतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर, खिडकीच्या चौकटीखाली आणि वरच्या मजल्याच्या छतावर ओलीचे डाग शोधावेत. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर ती भिंत हाताने चाचपून पाहावी. कपाटांच्या मागची बुरशी नागपूरच्या कोरड्या हवेत कोणी पाहिलेली नसते, इथे ती जुलैमध्ये घरोघरी भेटते. आणि एक आगंतुक सल्ला: डेझर्ट कूलर नागपुरातच विकून यावा. इथल्या दमट हवेत तो घर थंड करत नाही, फक्त ओल वाढवतो.

पैशांचे गणित असे असते. या पट्ट्यात डिपॉझिट साधारण दोन ते तीन महिन्यांच्या भाड्याइतके आणि दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी घेण्याची पद्धत आहे. छत्तीस हजारांच्या घरासाठी तीन महिन्यांचे डिपॉझिट १,०८,००० रुपये, दलाली ३६,००० आणि पहिले भाडे ३६,०००, म्हणजे सामानाची वाहतूक सोडून १,८०,००० रुपये हाताशी असावेत. कोणी हेवी डिपॉझिटचा पर्याय देईल, म्हणजे पाच-दहा लाख एकदम द्यायचे आणि भाडे नाममात्र. मालकाने त्या घरावर कर्ज काढलेले असेल आणि हप्ते थकवले, तर बँक घराचा ताबा घेते आणि आपली रक्कम मात्र मालकाकडून वसूल करत बसावी लागते. नव्या गावात पहिल्याच वर्षी हा धोका पत्करू नये.

फसवणुकीचा एक ठरलेला नमुना आहे. संकेतस्थळावर सुंदर फ्लॅटचे छायाचित्र, बाजारभावापेक्षा कमी भाडे, आणि मालक म्हणे लष्करात किंवा निमलष्करी दलात असून दूर बदलीवर गेलेला. तो ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवतो आणि सोसायटीच्या गेटपाससाठी किंवा घर राखून ठेवण्यासाठी थोडी रक्कम मागतो. पैसे गेले की फोन बंद. मालकाचे नाव वीजबिलावर, सूची क्रमांक २ च्या, म्हणजे घराच्या खरेदीच्या नोंदणीच्या, उताऱ्यावर आणि बँक खात्यावर एकच आहे, याची खात्री झाल्यावरच टोकन द्यावे, आणि तेही खात्यावरच.

कराराबाबत महाराष्ट्राचा कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, ही समजूत इथे चुकीची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के धरलेल्या व्याजावर मिळून पाव टक्का असते. वरच्या उदाहरणात ते हजार रुपयांच्या आसपास येते आणि शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. हा खर्च वाचवण्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवू या असे मालक म्हणाला, तर त्याला दुसरे काहीतरी लपवायचे आहे असे समजावे. नोंदणीसाठी माणूस अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, कार्यालयात खेपा घालाव्या लागत नाहीत. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणेही मालकाचे काम आहे. ती दिल्याची पोच मागून घ्यावी. उलट बाजूने, मुदत संपूनही घर न सोडल्यास कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते, त्यामुळे शेवटच्या महिन्यात टाळाटाळ परवडत नाही.

सोसायटी भाडेकरूच्या घरासाठी मालकाकडून ना-वहिवाट शुल्क घेते. शासनाने त्याची मर्यादा सेवा शुल्काच्या दहा टक्के ठरवली आहे. ते मालकाचे देणे आहे, आपल्या भाड्यात वेगळे जोडू देऊ नये. सामान चढवण्या-उतरवण्याचे शुल्क आणि वेळा सोसायटीनुसार बदलतात. नागपूरहून ट्रक निघण्याआधी त्या विचाराव्यात, नाहीतर ट्रक रात्री फाटकाबाहेर उभा राहतो. तीन आसनांचा अखंड सोफा किंवा सागवानी दिवाण लिफ्टमध्ये मावत नाही, हेही आधी मोजून पाहावे.

राहिला मुलाच्या शाळेचा विचार. राज्य मंडळाच्या शाळा इकडे जूनच्या मध्याला सुरू होतात, तर विदर्भात उन्हामुळे त्या उशिरा, महिन्याच्या अखेरीकडे उघडतात. नागपूरच्या सवयीने जून संपताना याल तर इथे पहिले दोन आठवडे बुडालेले असतील. सीबीएसईच्या शाळा तर एप्रिलमध्येच सुरू होतात. मराठी माध्यमाच्या अनेक संस्थांत चौथीपर्यंतची शाळा वेगळी आणि पाचवीपासून माध्यमिक शाळा असते, त्यामुळे पाचवीत बाहेरून येणाऱ्यांना जागा मिळण्याची शक्यता मधल्या इयत्तांपेक्षा बरी. म्हणून मे महिन्याच्या भेटीत दोन-तीन शाळांत चौकशी करावी, प्रवेशाचे होकारार्थी उत्तर मिळाल्यावर त्या शाळेपासून पायी अंतरातली घरे पाहावीत आणि शाळा सोडल्याचा दाखला नागपुरातून निघण्याआधीच हातात घ्यावा.

कराराची मुदतही शाळेच्या वर्षाला जुळवून घ्यावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार मे महिन्यात संपतो, म्हणजे घर बदलायचे ठरले तर परीक्षा झालेल्या असतात आणि पाऊस आलेला नसतो. ऑगस्टमध्ये सुरू होणारा करार घेतला तर तो जूनअखेर संपेल आणि भर पावसात सामान हलवावे लागेल. अशा वेळी मुदत कमी-जास्त करून ती मे अखेरीस आणावी. मालक तयार असेल तर बावीस किंवा चोवीस महिन्यांचा करार करून भाडेवाढीचा दर आताच लिहून घ्यावा, पण मुदतीआधी घर न सोडण्याचे बंधन, ज्याला इथे लॉक-इन म्हणतात, ते आपल्या बाजूने सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नये. पहिला पावसाळा त्या घरात काढल्यानंतर, डिसेंबरच्या सुमारास, महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडण्याची मुभा आपल्या हातात राहिली पाहिजे.